घरगाडीचा टप

रिटायर माणसांच्या बैठकीत किस्से आपोआप साचत जातात. सांगायचं म्हणून कोणी बसत न्हाई. चहा आला की एकजण कायतरी काढतो, दुसरा म्हणतो, "तसं न्हाई झालं ते, थांब, मी सांगतो." आमची बैठक वारंगा फाट्याला, शेखभाईच्या शेडमध्ये. शेखभाई एसटीच्या डेपोत वेल्डर होता, मी पत्र्याचं काम करायचो, देवराव ड्रायव्हर. तिघंबी आता घरी बसलेले. गेल्या वर्षापासून आमच्यात जेवढे किस्से साचले ते सगळे एकाच गाडीचे, देवरावच्या घरगाडीचे. हसायचे म्हणून सुरू करतो अन् मधीच गप होतो, असे ते किस्से.

*

देवरावच्या बायकोला, म्हणजे आमच्या कलावहिनीला, पोटात गाठ निघाली. नांदेडच्या डॉक्टरांनी देवरावला पडद्यामागं घेतलं अन् म्हणाले, त्यांच्या मनात काय असेल ते आता करून घ्या. वहिनी पडद्याच्या अलीकडंच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं.

घरी येताना देवरावनं विचारलं, "तुझ्या मनात काय हाय?" त्याला वाटलं, बुद्धगयेला न्या म्हणेल, न्हाईतर लेकीकडं पुण्याला.

वहिनी म्हणाल्या, "तुमी जिथं जिथं मुक्कामी गाडी घेऊन जात होता, ती गावं दाखवा मला. निम्मा संसार तुमी तिकडंच केला."

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन थांबायची अन् सकाळची पहिली फेरी घेऊन निघायची. देवरावनं जन्मभर त्याच फेऱ्या केल्या. सेनगावकडची गावं, जवळा बाजारच्या बाजूची गावं. त्यातलं एकबी वहिनीनं पाहिलेलं न्हाई.

पण त्यांना फार वेळ बसवत न्हाई. म्हणून देवरावनं एका शाळेची जुनी मिनीबस घेतली, सीटा काढल्या, मागं पलंग बसवला, पुढं शेगडी ठेवली. बाहेर देशात ह्याला कॅम्पर म्हणतात, असं त्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं. शेखभाई म्हणाला, "कॅम्पर-बिंपर कुछ नै, ये घरगाडी है." तेच नाव पडलं.

*

निघायचं ठरलं अन् अवकाळी आला. मिनीबसच्या टपाला दोन पत्रे, त्यांचा सांधा बराबर पलंगाच्या वर. सांध्यातली फट बुजवणारं सीलंट उन्हानं तडकून गेलेलं. गादी चिंब झाली.

डेपोत टप तपासायची आमची एक रीत होती. एकानं वर चढून पाणी ओतायचं, एकानं आत बसून बघायचं. आतल्यानं "कोरडं हाय" म्हटल्याशिवाय गाडी मार्गावर काढायची न्हाई. ती रीत आमच्या हाडात बसलेली. देवराव म्हणाला, गळती थांबल्याबिगर मी कलाला ह्या गाडीत झोपवणार न्हाई.

शेखभाईनं पहिला उपाय केला तो डांबराचा. गावात पत्र्याच्या घराला लावतात तसं जाडजूड फासलं. पाणी ओतलं, थेंब न्हाई. आमी खूश. मग मे महिना लागला. एक दिवस वहिनी नुसतं पलंगावर टेकून बघायला गेल्या, तर वरून डांबराचा ओघळ थेट पांढऱ्या चादरीवर. आमी तिघं माना खाली घालून उभे.

वहिनी चादर बघत म्हणाल्या, "भाऊजी, पाणीच बरं होतं. ते वाळत तरी होतं."

*

दुसऱ्या वेळेला देवराव हिंगोलीहून सिलिकॉनच्या नळ्या घेऊन आला. दुकानदारानं न्हाणीघराला लावायचं दिलं का गाडीचं, ते ह्यानं विचारलंच न्हाई. डांबर वरवर खरवडलं अन् त्याच्यावरच नळ्या पिळल्या. दिसायला एवढं झकास, की आमी फोटो काढला.

आठवडाभरानं मी सहज टोक धरून ओढलं, तर सगळी पट्टी सालीसारखी हातात आली. तवर वहिनी पिशवी भरून ओट्यावर येऊन बसलेल्या. पिशवीत नवी साडी, गोळ्या अन् चटणीची बरणी.

देवराव म्हणाला, "आज न्हाई जमत. गळन."

वहिनीचा आवाज कधी चढत न्हाई, तवाबी चढला न्हाई. "आपलं पहिलं घर आठवतं का? पातेली मांडून दोन लेकरं वाढवली मी त्यात. एक मुक्काम निघत न्हाई व्हय गाडीत?"

 देवरावनं पिशवी उचलली अन् घरात नेऊन ठेवली. मला लई वाईट वाटलं त्या दिवशी.

*

मग वहिनीला नांदेडला दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या दिवसांत आमी काम एकदाचं नीट केलं. शेखभाई म्हणाला, "पुराना निकाले बगैर नया पकडता नै, देवराव." लाकडाच्या पट्टीनं डांबर काढलं, सिलिकॉन काढलं, त्याच्या खालचं कंपनीचं तडकलेलं सीलंट काढलं. पत्र्याला गंज चढला होता, तो घासला. थिनरनं पुसलं, प्रायमर मारला. काच बसवायला वापरतात ते पीयू सीलंट बंदुकीनं भरलं अन् साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकसारखं केलं. सावलीत वाळू दिलं. सांधा असा झाला, की डेपोच्या साहेबानं पाठ थोपटली असती.

पण देवरावला समाधान न्हाई. दवाखान्यातून आला की टपावर. इथं चीर दिसून राहिली, तिथं फुगलंय. शेखभाई चिडला, "अरे भाई, शादी का कपडा है क्या?" तरी ह्याचं भिंग घेऊन बघणं चालूच.

वहिनी घरी आल्यावर मी भेटायला गेलो. लई वाळल्या होत्या. मी जयभीम घातला, तर त्यांचा हात पुरता वर आला न्हाई. मी सांगितलं, "वहिनी, गाडी झाली तयार. देवरावच ओके देईना. काहून देईना, काय कळत न्हाई."

त्या म्हणाल्या, "मला कळतं, भाऊजी. गाडी ओके झाली की निघावं लागन. निघालं की ते फिरणं एक दिवस सरन बी. म्हणून ते टपावरून उतरत न्हाईत."



*

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "पाणी ओता. आत मी बसते." देवराव नको म्हणाला, तर सरळ जाऊन पलंगावर आडव्या झाल्या. सोबत म्हणून मी खाली बसलो. वरून देवरावनं बादल्याच्या बादल्या ओतल्या. सांधा पक्का होता, कुठं पाझरायचं नाव न्हाई. पण हवेसाठी टपाला एक झाकण होतं, त्याच्या कडेनं पाणी आलं अन् एक थेंब वहिनीच्या कपाळावर पडला. मग दुसरा.

वरून आवाज आला, "काय हाय गं?"

वहिनीनं पदरानं कपाळ पुसलं. माझ्याकडं बघितलं. "कोरडं हाय!"

"शिरपत, तू सांग."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी गळकी गाडी कधी पास केली न्हाई. म्हटलं, "बराबर हाय, देवराव. कोरडं हाय."

*

पोळा झाल्यावर निघालो. मला सोबत घेतलं, म्हणजे रस्त्यात काही लागलं तर. पहिला मुक्काम जवळा बाजारच्या पलीकडं, अगदी लहान गाव. ज्या पाराजवळ मुक्कामी गाडी लागायची तिथंच देवरावनं घरगाडी लावली. संध्याकाळभर लोक येऊन भेटून गेले. वहिनी पलंगावरून खिडकीतनं सगळं बघत होत्या. हे झाड, हा हापसा, इथं तुमी आंघोळ करायचे का, असं विचारत होत्या. त्यांना तेवढं खूश मी कधी पाहिलं न्हाई.

सकाळी उठल्या उठल्या देवराव टपावर चढला. मला म्हणाला, "ये, एकदा सांधा बघू." आमी वर वाकून बघत होतो. हवेचं झाकण उघडंच होतं, खालचं सगळं ऐकू येत होतं.

खाली गयाबाई आली. म्हातारी एकटीच राहते. पाराला लागून तिचं घर, अन् मुक्कामाला असला की देवरावची भाकरी तिच्याकडं असायची. तिनं वहिनीच्या तब्येतीचं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "ते राहू द्या. बसा जवळ. ह्यांना भाकरी ज्वारीचीच लागते, ते तुमाला ठाऊकच असन. पण कालवण दुसऱ्यांदा मागत न्हाईत. विचारू नका, नुसतं वाढा. अन् तिखट जरा कमी करा आता."

गयाबाई म्हणाली, "व्हय, पण बाई, आता कुठली मुक्कामी गाडी?"

"गाडी नसू द्या. ते येत जातील अधूनमधून. पारावर दिसले की ताट करा."

देवरावचा अंगठा सांध्यावर होता, तो तिथंच थांबला. मी दुसरीकडं बघायला लागलो. मग तो झाकणापाशी वाकला अन् म्हणाला, "कला, चल आवर. पुढची गावं राहिलीत अजून."

खालून वहिनी म्हणाल्या, "चला की. तिथंबी सांगायचंच हाय मला."