बापूदादाचे कान

वहिनींचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या गंजगोलाईत चपला घेत होतो. एका पायात नवी, एका पायात जुनी. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?" खरं तर बापूदादा कुठं जाणारा माणूस नव्हता. आयुष्यात एकदाच गेला होता आणि परत आला होता... त्या एका जाण्या-येण्याचं ओझं त्यानं मरेपर्यंत वागवलं. फोन आला त्या दिवशी दुपारी जेवून ओट्यावर टेकला तो उठलाच नाही. दुकानदार विचारत होता, "साहेब, दुसरी पण घालून बघता का?" मी घातली. चालूनही दाखवलं. माणूस गेल्याची बातमी पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो बहुतेक.

बापूदादा माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मावशीचं गाव मुखेडपासून थोडं आत. माझ्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या. तेव्हा तिकडच्या पोरांनी दहावीनंतर एकदा तरी भरतीला जाऊन यायचं, असा रिवाजच होता. पास होवो न होवो, जाऊन आल्याशिवाय मिसरूड फुटली असं कुणी धरायचं नाही. आम्ही दोघं नांदेडला गेलो. दादा हरणासारखा पळाला. मी पण पळालो, पण ते पळणं मलाच दिसत होतं. तरी कसाबसा छातीच्या मापापर्यंत पोचलो. छाती पाच सेंटिमीटर फुगवून दाखवायची होती. मी जीव खाऊन श्वास घेतला, तर फुगलं ते पोट. टेप धरणारा जवान हसलासुद्धा नाही. दिवसभर असली पोटं बघून तो कंटाळला असावा. अशा रीतीनं माझ्या मर्दपणाचा निकाल कपड्याच्या टेपनं लागला. मी पुढं लातूरला कॉलेजच्या ऑफिसात चिकटलो आणि त्या टेपचा विषय घरात कधी काढला नाही.

दादा निवडला गेला. गावानं हलगी लावून त्याला मुखेडच्या स्टँडवर पोचवलं. आमच्याकडं फौजेत गेलेला प्रत्येक जण मेजर असतो, मग तो तिथं भाकरी थापत असला तरी. दादाची एसटी अजून वळणावर होती आणि इकडं लोक दगडूकाकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, "मेजरचे बाप" म्हणायला लागले होते. काकांनी त्या दिवशी डोक्याला नवा रुमाल बांधला तो कित्येक दिवस सोडलाच नाही.

आणि सहा-सात महिन्यांनी, ट्रेनिंग अर्धं असताना, बापूदादा परत आला. पळून नाही, रीतसर साहेबांना सांगून, परवानगी घेऊन. मी सुट्टीत तिथंच होतो. त्यानं काळी पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली. पेटीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. मावशीनं घाबरून विचारलं, "काय झालं रं बापू?"

"काय न्हाई. करमलं न्हाई."

काका आतून आले. "करमायला तू काय सासरी गेलतास का?"

"न्हाई ना. मनूनच आलो परत."

एवढंच. मारलं, छळलं, उपाशी ठेवलं, अशी कुठलीच कहाणी त्याच्याकडं नव्हती. साहेब चांगला होता, जेवण चांगलं होतं, पळण्यात तो पहिला होता. फक्त करमलं नाही. असली कहाणी बापानं चावडीवर कशी सांगायची? काका दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाल बांधून बाहेर पडले आणि पारावर सांगून आले, "पोराच्या कानात दोष निघाला. सरकारनं परत पाठवलं. न्हाई तर सोडतच नव्हते." काकांनी डावा कान सांगितला. तिकडं विहिरीवर बायकांनी मावशीला गाठलं. ती बिचारी गडबडीत उजवा म्हणाली. गावानं दोन्हींची बेरीज केली आणि बापूदादा दोन्ही कानांनी गेला, असं ठरवून टाकलं. त्या दिवसापासून सगळा गाव त्याच्याशी ओरडून बोलायला लागला. आम्हा घरच्यांना सगळं माहीत होतं, तरी चारचौघांत आम्हीही ओरडायचो. मग चारचौघं नसतानाही ओरडायला लागलो. जिभेला वळण लागलं की तिला खरं-खोटं कळत नाही.

दादा मात्र विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "कान चांगले हायेत माझे. मला करमलं न्हाई." लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवून जोरात म्हणायचे, "असू दे रं! आपल्या हातात हाय का!" बहिरा पोरगा गावाला चालत होता. मन न लागलेला पोरगा चालत नव्हता. मेजर होता होता राहिलेल्या माणसाच्या शरीरात काहीतरी मोडलेलं असलंच पाहिजे, नाही तर मग मेजर झालेल्यांचं काय, असा तो हिशोब असावा. मी या गोष्टीवर फार वर्षं डोकं चालवलं. आता दमलो.

लग्नाला अडचण आली नाही. अहमदपूरकडच्या पाहुण्यांनी "कानानं थोडा कमी, बाकी सोनं" म्हणून पोरगी दाखवली. दादानं भर बैठकीत हळूच, पण तिला ऐकू जाईल असं सांगितलं, "कान चांगले हायेत. फौजेत करमलं न्हाई मनून आलो." हे वहिनी स्वतः सांगायच्या. "मी म्हणलं, मग इथं तरी करमल का? तर म्हणे, पाहू." लग्नानंतर त्या घरात एकट्या वहिनीच अशा होत्या, ज्या नवऱ्याशी साध्या आवाजात बोलायच्या. शेजारणी म्हणायच्या, बाई फार गरीब स्वभावाची, नवरा बहिरा असून आवाज चढवत नाही.

बहिऱ्यासमोर लोक काहीही बोलतात. दरवर्षी पंधरा ऑगस्टला गावातल्या माजी सैनिकांना शाल-नारळ देतात. खुर्च्या मांडायचं काम दादाकडं असायचं. एका वर्षी मी तिथं होतो. मागं कुणीतरी मजेत म्हणालं, "ह्या मेजरला बायकांत बसवा रे, तिथं करमल." सगळे हसले. म्हणजे खरं काय ते सगळ्या गावाला आतून माहीत होतं! दादा खुर्ची पुसत होता, पुसत राहिला. घरी येताना मी विचारलं, "दादा, राग नाही आला?"

"आला ना."

"मग?"

"बहिऱ्याला राग येऊन कसं चालल, सुध्या?" म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात दमलेपण होतं. गंमतही होती. कुठलं जास्त, ते मला अजून सांगता येत नाही.

पुढं काकांना लकवा मारला. अंग गेलं आणि आवाजही गेला. राहिली ती नुसती कुजबुज, ओठाला कान लावला तरी कळायची नाही. दादानं ती काळी पेटी बापाच्या बाजेशी ओढली आणि तिच्यावर बसायला लागला. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, सगळं त्याच्या हातानं. गोठ्यात असला तरी काकांनी "पाणी" म्हटलेलं त्याला ऐकू यायचं. मावशी, सून, डॉक्टर, कुणालाच जे कळत नव्हतं ते एका 'बहिऱ्या'ला कळत होतं. गावानं हे डोळ्यांनी पाहिलं. मग तरी लोकांनी काही समजून घ्यावं की नाही? त्यांनी ठरवलं, ही माहूरच्या देवीची कृपा. काकांनी शेवटपर्यंत कानाचा शब्द मागं घेतला नाही. एकदा मी दादाला विचारलं, "काका काही बोलले का रे, त्या... जुन्या गोष्टीबद्दल?" तो म्हणाला, "न्हाई. ऊन चटकलं की सावलीत ने मनायचे. तेवढं पुरतं."

दादाचा एकुलता एक मुलगा अमोल. तो स्वतःच्या हौसेनं फौजेत गेला, ट्रेनिंग पूर्ण केलं, आणि गेल्या दिवाळीत सुट्टीवर आला तो परत जायचं नाव काढेना. निघायचा दिवस जवळ आला. बॅग भरायची सोडून पोरगा गोठ्यात बसून राहायचा. वहिनींनी मला बोलावलं, समजावायला. छातीऐवजी पोट फुगवलेला माणूस पोराला मर्दपणाच्या चार गोष्टी सांगणार होता! मी गेलो. बैठकीत दादा, अमोल, अमोलचा मामा आणि शेजारचे दादाराव. हे दादाराव खरे फौजी, पूर्ण नोकरी करून आलेले. गावच्या मेजरांतले सगळ्यात मोठे मेजर.

मामानं कुणी काही विचारायच्या आत तोड काढली. "न्हाई जायचं तर नको जाऊ. आपण गुडघा सांगू. ड्युटीवर गुडघा गेला मनू. उद्या सोयरीक करायची तर काहीतरी सांगावं लागतंच की."

अमोल खाली मान घालून बसला होता. वहिनी दारात उभ्या होत्या. मी चहाचा कप उगाच हातात फिरवत होतो. आणि दादा, ज्याचा आवाज मी जन्मात चढलेला ऐकला नव्हता, तो चढला.

"गुडघा-बिडघा काही सांगायचं न्हाई. मला चाळीस वर्षं बहिरं ठेवलं तुम्ही लोकांनी. ह्याला लंगडं करू नका."

दादा पोराकडं वळला. "जायचं तर जा. न्हाई जायचं तर ऱ्हा. पण करमलं न्हाई तर करमलं न्हाई असं मन. आपल्या तोंडानं मन. दुसऱ्यानं सांगितलेलं लई दिवस वागवावं लागतं."

मला वाटलं आता दादाराव उठून जाणार. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बापू, मला बी दोन वर्षं करमलं न्हाई. थंडीत रडायचो. पण आमच्या गावात एक कान आधीच गेलेला होता... मी परत येऊन आणखी काय सांगणार होतो?"

कुणी हसलं नाही. वहिनींनी पुन्हा चहा टाकला. अमोल दोन दिवसांनी बॅग भरून निघाला. "जाऊन पाहतो, बाबा. न्हाईच जमलं तर येतो." दादा म्हणाला, "ये." 'जा' म्हणणारे पुष्कळ होते, तसं 'ये' म्हणणारा मी पहिल्यांदा पाहिला.

या प्रसंगानंतर गाव सुधारला, असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्याच दिवशी पारावरून हाक आली, "बापूऽऽ, पोरगा गेला का?" पहिल्याइतकीच मोठ्यानं. आणि खरं सांगायचं तर फोनवर मीही ओरडायचो. दादा म्हणायचा, "हळू बोल सुध्या, फोनलाबी कान असतेत."

तेराव्याला गेलो होतो. अमोल सुट्टी काढून आला होता. पुढचं काय ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या खोलीत तीच काळी पेटी भिंतीशी ठेवली होती, वर दादाचा फोटो. मधल्या काळात त्या पेटीत सरकी पेंड असायची. वास अजून होता. काकांनी कितीदा तरी म्हटलं होतं, ते नाव आणि नंबर खरवडून टाक, नाही तर वर ऑइलपेंट मार. दादानं ते केलं नाही. "मी गेलतो ते बी खरं, आलो ते बी खरं," म्हणायचा. पांढरी अक्षरं पिवळी पडलीत, पण वाचता येतात.

जेवणं उरकली, माणसं निघायला लागली. दादाराव काठी टेकत फोटोसमोर आले, वाकले आणि सवयीनं, अगदी गोठ्यापर्यंत जाईल असं, ओरडले, "बापू! येतो रे!"

वहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हळू बोला भाऊजी. ऐकू येतं त्यांना."

दादाराव तसेच वाकलेले राहिले. मग ओठ हलवले, काय म्हणाले ते आम्हाला कुणाला ऐकू आलं नाही. त्यांच्यानंतर माझी पाळी होती. मी पेटीपाशी गेलो. तोंड उघडलं, छातीत श्वासही भरून घेतला होता... तो सोडून दिला. "येतो, दादा," म्हणालो. हळू.