पंचायतीचं जाजम

२५ जानेवारी १९९६. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीतलं सामान मी बाहेर काढत होते. महिला राखीव जागेवरून मी सदस्य झाले होते आणि साफसफाईचं काम निघालं की सगळ्यांना माझीच आठवण यायची. शेजारी नवी इमारत तयार होती. बारामतीहून आणलेली फरशी, मोठं टेबल, सात खुर्च्या. सदस्य सात, म्हणून खुर्च्या सात.

उंदरांनी कुरतडलेलं एक जाजम निघालं, ते मी कचऱ्याच्या ढिगावर टाकलं. तेवढ्यात माझे सासरे आले. काम काही नसताना ते रोज दुपारी पंचायतीत येऊन बसत.

"ह्ये कुनी टाकलं?"

"मीच, आबा. भोकं पडलीत."

"धोतराला बी पडत्यात. म्हून काय फेकून देतो व्हय?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. उकिडवे बसून जाजमाची धूळ झटकू लागले.

"मेंढरं राखायचो तवा पाटलाच्या दारात चपला हातात घिऊन भाईर हुबं ऱ्हायाचो. पंचायत झाली, साऱ्या गावाची पयली बैठक भरली, तर ग्रामसेवक म्हनला, या, बसा. ह्याच्यावर. पाटील बी ह्याच्यावरच, मांडीला मांडी लावून. घरी सांगितलं तर तुज्या सासूला खरं वाटंना."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या वस्तीला पंचायतीनं ना धड पाणी दिलं होतं, ना रस्ता. मासिक सभेत ते मीच वाचून दाखवायचे. तरी पंचायतीला कुणी नावं ठेवली की आबा तिथून उठून जात. मला तो भाबडेपणा वाटायचा.

"उद्या झेंड्याला या. नव्या इमारतीत पहिली बैठक आहे," मी म्हटलं.

"यीन की. भाईर हुबा ऱ्हाईन. खुर्च्या तुमा सदस्यांच्या हायेत."

बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

जाजम घरी नेलं, काठीनं झोडपलं, उन्हात टाकलं आणि भोकांना जुन्या सतरंजीचे तुकडे लावले. दाभण दोनदा बोटात घुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन टेबल भिंतीला सरकवलं, खुर्च्या व्हरांड्यात काढल्या आणि जाजम अंथरलं.

"वहिनी, नव्या फरशीवर हे कशाला?" सरपंच म्हणाले.

"फरशी गार आहे," मी म्हटलं.

झेंडावंदन झालं. सगळे आत आले आणि कोण आधी बसतंय ते बघत उभे राहिले. आबा चपला काढून दारातच थांबले होते. घरात त्यांच्यासमोर मी कधी बसले नव्हते. बोलायचं तेही उभ्यानंच. डोक्यावरचा पदर नीट केला, जाजमावर मांडी घातली आणि थोडी सरकून शेजारी जागा केली.

"या, आबा. बसा."