गुड फ्रायडेचं पोहणं

फ्रेस्नोजवळच्या आमच्या वस्तीत कालवा अगदी दारासमोरून वाहतो. तरी एदुविहेस आजीचा पोहण्याच्या वर्गावर काडीचा भरवसा नव्हता. फुकट शिकवणारी मारिबेल तिला लबाडच वाटे. त्यात शाळेला सुट्टी म्हणून बयेनं वर्ग ठेवला तो नेमका गुड फ्रायडेला!

"आज पाण्यात उतरलं की माणसाचा मासा होतो. आईनं सांगितलं नाही का गं तुला?" नात इत्सेलचा दंड घट्ट धरून आजी मारिबेलला म्हणाली.

"मग बरंच की आजी! मासा काय कालव्यात बुडतोय?"

आजी हसली नाही. दारातला कालवा आठवून तिनं दंड सोडला.

इत्सेल पाठीवर तरंगायला शिकून बाहेर आली. आजीनं तिचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा निरखून पाहिल्या.

"अजून तरी पायच आहेत," ती मारिबेलला म्हणाली. "उद्या परत आणते. पण पाय बघूनच घरी नेईन."