वाढत्या मापाची गिटार

त्या गिटारीनं पहिलं रक्त काढलं ते माझ्या मुलीचं. डाव्या हाताच्या बोटांची टोकं आधी लाल झाली, मग फोड आले, मग ते फुटले. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहा टाकत होते आणि आतल्या खोलीतून येणारा गिटारीचा आवाज मध्येच बंद पडला. जाऊन बघते तर पोरगी बोटं तोंडात घालून बसलेली आणि तारेवर रक्त. आठ वर्षांची मुलगी, पण रडत नव्हती. उलट मलाच म्हणाली, "होईल गं सवय."

हे वाक्य तिच्या बाबांचं. आमच्यात मुलांसाठी काहीही घ्यायचं तर एक माप मोठं घेतात. वाढतं अंग असतं ना! शाळेचा स्कर्ट आतून दुमडून शिवलेला, बुटांच्या टोकात कापूस कोंबलेला, स्वेटरच्या बाह्या बोटांवर लोंबणाऱ्या. नवरा पुण्यात असाच वाढला. नोकरी त्याला दिल्लीत घेऊन आली, आम्ही मयूर विहारमध्ये घर केलं, पोरगी घरातसुद्धा निम्मं हिंदी बोलायला लागली, पण ही सवय काही सुटली नाही. गिटारीच्या दुकानात त्याने सगळ्यात मोठी, लोखंडी तारांची गिटार उचलली, पोरीशेजारी उभी करून बघितली आणि म्हणाला, "हीच घेऊ. कॉलेजपर्यंत बघायला नको." मी त्या दिवशी ऑफिसात होते, नाहीतर तिथेच तमाशा झाला असता.

मांडीवर घेतली की ती गिटार तिच्या हनुवटीला लागायची. उजवा हात वरून टाकता टाकता काख अवघडायची आणि डावा हात गिटारीच्या मानेच्या टोकापर्यंत पोचायचाच नाही. तारा तर इतक्या उंच आणि ताठ की त्या दाबायला मोठ्या माणसाचा जोर हवा. गिटार शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बच्ची की कोई गलती नहीं है. छोटी गिटार लाइए, नायलॉन के तारवाली. नहीं तो ये छोड़ देगी, और फिर कभी हाथ नहीं लगाएगी." आमची पोर कशातच रमत नाही. पोहणं सोडलं, चित्रकला सोडली. ही एकच गोष्ट ती न सांगता करायला बसत होती.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "थोडं थांब ना यार, हात वाढेल की."

मी शांत बाई नाही. माहेरी मला 'फटाकडी' म्हणत, ऑफिसात काय म्हणतात ते मला सांगत नाहीत. मी त्याचं बोट धरलं, सगळ्यात बारीक तारेवर ठेवलं आणि वरून माझा अंगठा जीव खाऊन दाबला. तो ओरडला. मी आणखी दाबला. म्हटलं, "आता ह्याच बोटानं अर्धा तास वाजव." बोटावर खोल रेघ उमटली होती. तो बराच वेळ ते चोळत बसला आणि मग म्हणाला, रविवारी जाऊन बदलून आणू.

रविवारी निघालो. तो गाडी चालवत होता, मी शेजारी, आणि मागे पोरगी, मांडीवर आडवी गिटार, कापडी कव्हरात. बाजाराच्या अलीकडच्या गल्लीत एक पांढरी मोठी गाडी मधोमध उभी होती, आत माणूस फोनवर बोलत बसलेला. नवऱ्याने एकदा हॉर्न वाजवला. एकदाच, तोही भीतभीत.

माणूस उतरला. चांगला धिप्पाड, पांढरेशुभ्र कपडे. "हॉर्न किसको मार रहा है?" म्हणत त्याने आमचं दार उघडलं आणि नवऱ्याची कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं. नवरा "भाईसाहब, भाईसाहब" करत होता. पहिल्या थपडेत चष्मा उडाला. दुसरा ठोसा नाकावर बसला आणि शर्टावर भळाभळा रक्त आलं. गल्ली भरली होती. भाजीवाले, रिक्षावाले, पिशव्या घेतलेली कुटुंबं. सगळ्यांनी फोन काढले, पुढे कोणी आलं नाही. मागच्या सीटवर पोरगी किंचाळत होती, "बाबांना मारतोय! आई, बाबांना मारतोय!"

मी मागचं दार उघडलं, तिच्या मांडीवरची गिटार ओढली, मान दोन्ही हातांत धरली आणि हाणली.

पहिला तडाखा त्याच्या खांद्यावर बसला. तो वळला, दुसरा कानावर. कव्हरात लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि सगळ्या तारा एकदम झणझणल्या. तो बॉनेटवर आडवा झाला, कानातून रक्त येत होतं, हात वर करून "पागल है क्या, पागल है क्या" असं ओरडत होता. मी आणखी हाणली. त्याने हात वर केल्यावर थांबायला हवं होतं, असं नवरा अजूनही म्हणतो. मला थांबायचं नव्हतं. खरं सांगते, मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. शेवटी दोन बायकांनी मला मागून धरलं तेव्हा माझ्या हातात कापडात गुंडाळलेला चुरा होता.

पुढे पोलीस चौकी, दोन्हीकडून 'सॉरी', आणि समझौता. दिल्लीत अशा भांडणांचं याहून जास्त काही होत नाही. पण कोणीतरी काढलेला व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि मी एका रात्रीत मोठी झाले. लिफ्टमध्ये कधी न बोलणारे लोक थांबून म्हणायला लागले, "कमाल कर दिया भाभीजी! आखिर मराठा हैं आप!" इथे महाराष्ट्रातून आलेला कोणीही मराठाच असतो, आणि एरवी मी समजावून सांगायला जाते. यावेळी नाही गेले. आवडत होतं मला. पोरगी माझ्या फोनवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची आणि गिटार कानावर बसते तिथे थांबवायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि गालात हसायची.

पुढच्या रविवारी पुन्हा दुकानात गेलो. बदलून घ्यायला आता काही उरलं नव्हतं, नवीनच घ्यायची होती. यावेळी मी कोणाला बोलू दिलं नाही. पोरीला स्टुलावर बसवलं आणि एकेक गिटार मांडीवर देऊन बघितली. खांदा न उचलता उजवं कोपर वरून येतंय का, डावा हात कोपरात वाकलेला असताना मानेच्या टोकाला पोचतोय का, हे बघत गेले. तिसरी बरोबर बसली, जणू तिच्यासाठीच केलेली. नायलॉनच्या मऊ तारा. तिने बिचकत बोटं ठेवली, दाबली, आणि दुसऱ्या हाताने वरून खाली छेडली. स्वच्छ, गोल सूर. इतक्या महिन्यांत तिच्या हातून असा एकही निघाला नव्हता. नाकावर पट्टी लावलेला नवरा "अरे वा!" म्हणाला आणि माझे डोळे भरून आले.

पोरगी स्टुलावरून उतरली. तिने गिटार उलटी केली, मान दोन्ही मुठींत पकडली आणि हवेत एकदा फिरवली. दुकानदार दचकून मागे सरकला.

"आई, ही तर एकदम हल्की आहे," ती म्हणाली. "ह्याने कुणाला लागणारच नाही. मोठीच घेऊ ना."

"अगं, पण बोटं? रक्त येतं ना?"

"येऊ दे. चालेल मला."

मी ओरडले नाही. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. लहानच घेतली. पोरगी रुसली, पण गाडीत बसताना गिटार तिने सोडली नाही.

रस्ता तुंबलेला होता. बऱ्याच वेळाने मी मागे वळून बघितलं. तिने गिटार मांडीवर घेतलीच नव्हती. पायांमध्ये उभी धरून, मुठीत मान आवळून, काचेतून शेजारी येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या माणसाकडे ती टक लावून बघत होती. मी म्हटलं, "बाळा, ठेव ती खाली. काही होत नाही."

"आई, तू त्या बाजूला बघ," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ह्या बाजूला मी बघते."