बाबांच्या थडग्यावरचं पोपटी गवत

तीस वर्षं बस चालवली, एकदाही रस्ता चुकलो नाही. पण वडिलांच्या थडग्यावरच्या गवतानं माझी पार शोभा केली.

टेकडीवर त्यांचा मातीचा उंचवटा, त्यावर तीन पानांचं तण माजलेलं. गेल्या शरद ऋतूत चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईनं ते पाहिलं नि तिथंच जाहीर केलं, "ह्या रानात मी नाही झोपणार. मेले की मला जाळून टाक, बोनसोप, आणि मोकळा हो!" बाबांशेजारची जागा पस्तीस वर्षं तिच्यासाठीच राखलेली. आमच्यात नवरा-बायकोला शेजारी-शेजारीच पुरतात.

थोरला मुलगा ना मी, थडगं राखणं माझंच काम! त्याच आठवड्यात तणनाशक मारलं. गवत मेलं, तण जगलं. बाबांना टक्कल पडलं ते पडलंच, वर हिरवी दाढी!

गावातला मेंग चाळीस वर्षं थडगी राखतोय. म्हणाला, "दादा, आपलं देशी गवत लावा. एप्रिलात हान्सिकच्या सणाला सगळे पूर्वजांना भेटायला येतील तेव्हा थंडीनं पिवळंच दिसेल, पण पुढं हिरवं होऊन टिकेल."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. आईला पिवळं दाखवायचं? छे! सरळ गोल्फच्या मैदानावरचं बारमाही हिरवं विलायती गवत मागवलं. तण मुळासकट उपटलं, गवताच्या लाद्या बसवल्या, फावड्यानं थोपटल्या. कंबरेचा काटा ढिला झाला.

हान्सिकला आईला पाठीवर घेऊन चढलो. टेकडीभर थडगी वाळक्या पेंढ्यासारखी, आणि मधोमध आमचे बाबा पोपटी! आजूबाजूची माणसं नमस्कार अर्धवट सोडून बघायला लागली. मेंग तोंड फिरवून उगाच खोकत होता.

आईला खाली उतरवलं, तिनं गवतावरून हात फिरवला. मग खुदकन हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "अरे गाढवा, जन्मभर करड्या सदऱ्याशिवाय काही अंगाला लावलं नाही त्यांनी. लाजून अर्धे झाले असतील!"

"काढून टाकतो गं, आई."

"राहू दे. मिरवू देत एक उन्हाळा." ती सरकत सरकत शेजारच्या मोकळ्या जागेवर गेली, पाय पसरून ऐसपैस बसली. "मेंग, माझ्यावर मात्र तू लाव हो. आपलं पिवळंच. आणि ह्याला फावड्याला हात लावू देऊ नकोस."

चारचौघांत माझी अशी फजिती केली! मी घाईनं बाबांसाठी नैवेद्याच्या दारूचा पेला भरायला घेतला. आई इथंच झोपणार, या आनंदात पेला भरून वाहिला तरी ओततच राहिलो आणि निम्मी दारू त्या विलायती गवतालाच पाजली.