पाठीमागच्या टाचण्या

धुळ्यात आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या अक्का बायकांच्या फॅशनच्या मासिकाचा नवा अंक नेहमी मागच्या पानापासून उघडतात. मजकुराकडे ढुंकून बघत नाहीत. मॉडेलच्या फोटोवर खांद्यापासून कमरेपर्यंत अंगठा फिरवतात आणि निकाल देतात, "मांगे बठ्ठ्या टाचण्या लायेल शेतस. एवढं चोपून कोनले बसत नही." फोटोपुरता ब्लाउज मागून टाचून घट्ट केलाय, हे कळून गिऱ्हाईक हिरमुसतं, पण अक्कांना त्याचं काही नाही. मला त्यांच्या त्या नजरेची धास्तीच वाटायची.

म्हणूनच डाव्या स्तनाच्या ऑपरेशननंतर चार महिने मी तिकडे फिरकले नाही. भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा नवा अंक घेऊन गेले. एका फोटोवर बोट ठेवलं आणि पदर घट्ट धरून उभी राहिले. अक्कांनी गळ्यातली टेप काढलीच नाही. "तुन्हं माप शे मन्हाकडे," एवढंच म्हणाल्या. त्या फोटोला पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत.

ब्लाउज शिवून आला. आत डावीकडे मऊ सुती कापडात कापूस भरून शिवलेला होता. आरशासमोर मी पाठीवरून हात फिरवला. टाचणी एकही नव्हती.