गोलकीपरची आई

“मी काय बोलत न्हाई भाऊसाहेब, पन ती आपली न्हाई.”

वहिनी असं म्हणाल्या तेव्हा मी सोफ्यावरून अर्धा उठून टाळ्या वाजवत होतो. टीव्हीवर आपल्या मुलींचा वॉटरपोलोचा सामना चालू होता आणि मी पहिल्या मिनिटापासून कॉमेंट्री करत होतो. “अडवला! बघा, परत अडवला! वाघीण आहे वाघीण!” आमच्या दिवाणखान्यात जमलेली कॉलनीतली दहा-बारा माणसं माझ्या भरवशावर टाळ्या पिटत होती. वॉटरपोलोत दोन्हीकडच्या गोलकीपर लाल टोपी घालतात, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी समोरच्या संघाच्या लाल टोपीला आपली समजून बसलो होतो. म्हणजे आपल्या पोरींनी जीव तोडून मारलेला बॉल अडला, की इकडे श्रीगोंद्यात जल्लोष होत होता.

माणसाला आपला देश ओळखू येऊ नये का, असं तुम्ही विचाराल. आमच्या हिनंही तेच विचारलं, आणि तेही सगळ्यांसमोर. पण टोप्या घातलेल्या आणि गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या मुली जरा बघा, म्हणजे कळेल. शिवाय मी पाटबंधारे खात्यातला कारकून. पाण्याशी माझा संबंध फायलीपुरता. उभ्या नोकरीत मी कितीतरी पाणी या टेबलावरून त्या टेबलावर सोडलं असेल, पण स्वतः गुडघ्याच्या वर कधी भिजलो नाही.

या वहिनी म्हणजे आमच्या कॉलनीतल्या पिठाच्या गिरणीच्या मालकीण, आणि त्या सामन्यातल्या आपल्या, म्हणजे खऱ्या आपल्या, गोलकीपरची आई. नवरा कारखान्यावर उसाचा ट्रक चालवायचा, त्यामुळे गाळपाच्या दिवसांत घरी फारसा नसायचाच. गिरणी वहिनींची आणि पोरगीही वहिनींचीच, असा सगळा मामला.

गिरणीवर आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. पट्टा फिरत असताना बोलायची सवय, त्यामुळे पट्टा थांबला तरी आवाज खाली येत नाही. वहिनींना कुजबुजता यायचंच नाही. कुणाच्या घरातली भानगड सांगायची झाली, की त्या पिठाने पांढरा झालेला पदर तोंडाला लावत, डोळे बारीक करत आणि “मी काय बोलत न्हाई, पन…” असं म्हणून सुरू करत. ते पलीकडच्या गल्लीत स्वच्छ ऐकू जायचं. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार म्हणायचा, “वहिनी, तुमी काय बोलत न्हाई तेच बरंय. बोलल्या असत्या तर नगरला ऐकू गेलं असतं.”

“तू गप रे. तुझ्या डाळीत खडं किती हायत ते मी काय बोलत न्हाई,” वहिनी तिथूनच ओरडायच्या.

पोरगी पोहायला शिकली ती मामाच्या विहिरीवर. पाठीला पत्र्याचा डबा आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वहिनींच्या हातात. वहिनींना स्वतःला पोहता येत नव्हतं. भाऊ सांगून थकला, “अगं सोड आता, शिकली ती.” पण पोरगी आठवड्याभरात माशासारखी सुटली तरी वहिनींनी दोर काही सोडला नाही. विहिरीतली पोरं हसायची. पोरगी चिडून पाण्यातूनच ओरडायची, “आई, दोर सोड ना! मला वळता येईना!” हे सगळं वहिनींनीच मला सांगितलेलं, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जराही पश्चात्ताप नव्हता.

पुढे ती क्रीडा वसतिगृहात गेली, पुण्यात राहिली, राज्याच्या संघात आली. एक दिवस बातमी आली, की आशियातल्या देशांच्या जलक्रीडा स्पर्धेसाठी भारताच्या संघात तिची निवड झाली आहे. कॉलनीच्या तोंडावर फ्लेक्स लागला. पोरीच्या फोटोखाली आम्हा शुभेच्छुकांचे फोटो, आणि माझा जरा मोठाच आला होता. वहिनींनी येऊन माझ्याकडून खेळ समजावून घेतला. मलाही तो आदल्या दिवशीच मोबाईलवर बघून कळला होता.

“म्हंजी पान्यातला हँडबॉलच की!”

“तसंच. फक्त तळाला पाय टेकवायचा नाही.”

“टेकवायचा न्हाई?” त्यांचा चेहरा पडला. “मग दमल्यावर उभी कुठं ऱ्हाती ती?”

“उभी राहतच नाही वहिनी. पाय मारत तरंगत राहायचं.”

“सगळा खेळ हुईस्तोवर?”

मी हो म्हटलं. मी मोठ्या उत्साहात गोलकीपरला पाण्यातून कमरेपर्यंत वर उसळून, हात पसरून बॉल कसा अडवावा लागतो, ते दिवाणखान्यात करून दाखवलं. त्या माझ्या हातांकडेच बघत राहिल्या. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

तो संध्याकाळी कळला. स्वयंपाकघरात वहिनी हिच्याजवळ रडून गेल्या होत्या. सराव शिबिरात पोरीचा डावा खांदा निखळला होता, आणि एकदा नव्हे. तिने बाथरूममध्ये जाऊन, दाताखाली टॉवेल धरून तो स्वतःच बसवला होता. कोचमॅडमला कळलं तर घरी पाठवतील म्हणून संघात कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त आईला, आणि तेही गळ्याची शपथ घालून. आधी एका डॉक्टरने तिला बजावलं होतं, की असाच निखळत राहिला तर पुढे हात डोक्याच्या वर जायचा नाही. पण तिचं म्हणणं एकच, “आई, एवढी एक स्पर्धा होऊ दे.”

“कुणाला बोलू नका हं,” असं म्हणून हिनं ते मला सांगितलं. ज्या बाईच्या पोटात शेजाऱ्याच्या कुकरची शिट्टी राहत नव्हती, तिने हे आतापर्यंत पोटात ठेवलं होतं. त्या दिवसांत गिरणीवर गेलो की त्या गव्हावर बाजरी ओतायच्या आणि बाजरीचे पैसे घेऊन विचारायच्या, “काय दळलं बरं मी आता?”

स्पर्धा सुरू झाली. सामने दुपारचे असायचे. मी मोबाईल टीव्हीला जोडायचो आणि कॉलनी जमायची. वहिनी मात्र टीव्हीकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेंगा फोडत बसायच्या. पहिल्या दिवशी माझ्या आरड्याओरड्याने मान वळवली तेवढीच. माझी ती घोडचूक सुधारल्यावर त्या पुन्हा पाठमोऱ्या झाल्या, आणि मग त्यांचं एकच विचारणं सुरू झालं.

“हात वर गेला का, भाऊसाहेब?”

“गेला वहिनी.”

“डावा?”

“डावाच.”

लोकांना वाटायचं, आई खेळातलं किती बारीक विचारतेय. मी आणि ही एकमेकांकडे बघायचो. आपला संघ रोज हरत होता. किती गोलांनी ते मी इथे लिहीत नाही, शेवटी आपल्याच मुली आहेत. समोरच्या मुली आडदांड, जन्मल्यापासून पाण्यात असल्यासारख्या. बॉल तोफेसारखे येत होते आणि आपली पोरगी पुन्हापुन्हा उसळून त्यांच्या आडवी जात होती. गोल झाला की किराणेवाला हळहळायचा. मी हळूहळू गोलांचं बघणंच सोडून दिलं. मला फक्त तो डावा हात दिसायचा. तो वर गेला की मी श्वास सोडायचो आणि खाली आला की पुन्हा धरायचो. न पोहणाऱ्या माणसाने सोफ्यावर बसून किती गटांगळ्या खाव्यात!

एका सामन्यात समोरचीचा बॉल अडवल्यावर पोरगी गोलच्या खांबाला चिकटली आणि क्षणभर तशीच राहिली. खांदा खांबावर दाबून, डोळे मिटून. मग सुटली आणि पुन्हा मध्ये आली.

“हात वर गेला का?”

मी उगीच रिमोट शोधायला लागलो. वहिनींच्या हातातली शेंग फुटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता. समोरचा संघ आपल्याच तोडीचा, जिंकायची खरीखुरी आशा असलेला हा एकच. किराणेवाल्याने फटाक्यांची माळ आणून ठेवली. सकाळी वहिनी आमच्याकडे आल्या, हातात मोबाईल. पोरीचा फोन आला होता. काल पाण्यातच खांदा निखळला, तिने खांबावर दाबून बसवला, रात्रभर झोप नाही. आज खेळते आणि मग सांगते सगळ्यांना, म्हणाली.

“मॅडमचा नंबर हाय माझ्याजवळ,” वहिनी म्हणाल्या. “सांगितलं तर तिला बसवत्याल. न्हाई सांगितलं तर… भाऊसाहेब, तुमी शिकलेली मानसं. काय करू?”

मी घसा साफ केला. म्हणालो, दोन्ही बाजूंनी विचार व्हायला हवा. एकीकडे तिची एवढ्या वर्षांची मेहनत. दुसरीकडे तब्येत. शिवाय देशाचाही प्रश्न आहे. घाई करू नये. सामना दुपारी आहे, तोवर…

“अहो,” ही म्हणाली, “ही काय फाईल आहे का पुढच्या टेबलावर सरकवायला?”

वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या अंगणात गेल्या, नंबर लावला आणि गिरणीच्या आवाजात बोलायला लागल्या. मॅडम बाहेरच्या राज्यातल्या, म्हणून हिंदीत.

“मॅडम, मैं गोलकीपर की आई बोलती. उसका डावा खांदा निकलता है. कल भी निकल्या. वो बोलेगी, कुछ नहीं हुआ. वो झूठ बोलती. उसको पानी में मत उतारो मॅडम. डॉक्टर को दिखाओ.”

कोपऱ्यावर किराणेवाल्याचा तराजू हवेतच थांबला. दूध घालायला आलेला माणूस मोटारसायकल बंद करून उभा राहिला. कॉलनीपासून एवढे दिवस लपवलेली गोष्ट एका दमात सगळ्यांना कळली. फोन ठेवून वहिनी पायरीवर बसल्या. “शपथ मोडली मी,” एवढंच म्हणाल्या. हिनं दिलेल्या चहावर साय धरली, तरी कप त्यांच्या हातातच होता.

दुपारी त्या पहिल्यांदाच टीव्हीच्या समोर बसल्या. लाल टोपीत दुसरीच मुलगी होती, शिडशिडीत, घाबरलेली. आपली बाकावर होती, डावा हात छातीशी बांधलेला. कॅमेरा तिच्यावरून गेला तेव्हा ती पाण्याकडे बघत होती. रडत नव्हती. तिचा तो चेहरा बघून मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. वहिनी पुढे सरकल्या आणि कॅमेरा हलला तरी टीव्हीच्या त्याच कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

सामना बरोबरीत चालला आणि अगदी शेवटाला एका गोलाने गेला. बॉल त्या नव्या मुलीच्या बोटांना लागून आत शिरला.

किराणेवाल्याने फटाक्यांची माळ पिशवीत घातली. मग उठता उठता म्हणाला, “आपली असती तर अडला असता.” कुणीतरी दारातून पुस्ती जोडली, “आईनंच पोरीचा पाय ओढला म्हटल्यावर काय हुनार!” एरवी या दोघांच्या सात पिढ्यांची बिनपाण्याने झाली असती. वहिनी गप उठल्या, रस्ता ओलांडून गिरणीत गेल्या. रांगेतला पहिला डबा कुणाचा ते न बघता ओतला आणि बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत गिरणी बंद झाली नाही. त्या आवाजात जाऊन त्यांना काही बोलणं शक्यच नव्हतं.

पोरगी पंधरवड्याने आली, हात झोळीत. रिक्षातून उतरली, हिच्या पाया पडली, मला “काका, कॉमेंट्री केली म्हणे तुम्ही” असं म्हणून थोडं हसलीसुद्धा. किराणेवाल्याशी बोलली. गिरणीच्या दारात आई उभी होती, तिच्या शेजारून घरात गेली. दोन दिवस राहिली. रस्त्यापलीकडून आम्हाला एकाच माणसाचं बोलणं ऐकू यायचं, आणि ते पोरीचं नसायचं.

पुण्यात तपासण्या झाल्या. ऑपरेशन ठरलं. हात वाचेल, पुन्हा वर जाईल, असं डॉक्टर म्हणाले, पण संघात परत जागा मिळेल का, ते डॉक्टर कसे सांगणार? वहिनींनी गिरणीची किल्ली हिच्याकडे दिली आणि पिशवी भरली.

“तिनं बोलावलंय?” मी विचारलं. असले प्रश्न मला बरोबर सुचतात.

“न्हाई. पन एका हातानं काय काय करंल ती? तिला बोलायचं नसंल तर नको बोलू दे. मी नुसती ऱ्हाते तिथं.”

त्याला आता बरेच महिने झाले. गिरणीला कुलूप आहे. फ्लेक्स वाऱ्याने फाटला, त्यात माझा फोटो आधी गेला. आम्ही पीठ बाजारातून दळून आणतो आणि त्यात नेहमी दुसऱ्याच्या ज्वारीची कणी लागते. किराणेवाला दर दोन दिवसांनी विचारतो, “वहिनींचा फोन आल्ता का?” आणि मग उगीच तराजू पुसत बसतो.

काल हिला वहिनींचा फोन आला. एरवी त्यांचा फोन असला की मला पलीकडच्या खोलीत सगळं ऐकू येतं. काल कान देऊनही ऐकू आलं नाही, एवढ्या त्या हळू बोलत होत्या. हिनं फोन ठेवला. मला राहवेना. विचारलं, “काय म्हणाल्या? बोलते का पोरगी?”

“नाही अजून,” ही म्हणाली. “पण रोज सकाळी कंगवा त्यांच्या हातात देते आणि पुढ्यात बसते म्हणे.”